लेझीमच्या आधीची पंधरा मिनिटं

तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, पण गरम पाण्याने आंघोळ करून आलोय म्हणून वॉर्मअप नको, असं मला तिसरीतल्या पोरानेही कधी सांगितलं नव्हतं. ते ऐकायला रिटायर व्हावं लागलं. सांगणारा माणूस पंचेचाळीस वर्षांचा, मूळचा पुण्याचा, के. आर. पुरमच्या पलीकडे कुठल्याशा पंधराव्या मजल्यावर राहणारा, आणि हाताखाली म्हणे चाळीस इंजिनियर. "अगदी कडक पाणी घेतलं होतं, काकू," असं वर पुन्हा. काय बोलायचं अशा माणसाला, तुम्हीच सांगा. मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले, तर त्याला वाटलं, पटलं मला.

मी निपाणीकडची. लग्न होऊन बेंगळुरूला आले, बसवनगुडीत राहिले, इथल्याच एका शाळेत नोकरी केली. सासूबाई अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलायच्या, हळूहळू मीही तशीच झाले, बरं म्हणायच्या जागी सरी म्हणणारी. गल्लीतले लोक मला अक्का म्हणतात आणि आमच्या मराठी मंडळातली नवी मंडळी काकू. मंडळाचा गणपती असतो, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत चोवीस जणांची लेझीम असते. ती बसवायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. कुणी दिलं नाही, मीच घेतलं, कारण आधी जे चालायचं ते बघवत नव्हतं.

सराव जूनच्या शेवटी सुरू होतो. रविवारी सकाळी सात वाजता, शाळेच्या मैदानावर. त्या दिवसांत इथे सकाळी अशी बोचरी हवा असते की माझे यजमान कानटोपी घातल्याशिवाय दूध आणायलासुद्धा बाहेर पडत नाहीत. आणि लेझीम म्हणजे हातातली साखळी छनछन वाजवायची, एवढंच ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दहा मिनिटं खेळून दाखवावी. खाली बसायचं, उठता उठता उडी, उडीतच अर्धा फेरा, उतरायचं एका पायावर, की लगेच पुन्हा बैठक. हलगी चढली की हे सगळं दुप्पट वेगाने. खेळणारे कोण, तर आठवडाभर खुर्चीत बसून पाठीचा मुटका झालेले लोक. पाण्याची बाटलीसुद्धा टेबलावरच असते म्हणे, उठायला नको.

म्हणून आधी पंधरा मिनिटं अंग मोकळं करायचं. मैदानाला दोन फेऱ्या, एक चालत, एक हळू पळत. मग मान, खांदे, कंबर, गुडघे, घोटे, एकेक सांधा सावकाश फिरवायचा. टाचा वर-खाली. अर्ध्या बैठका. छोट्या उड्या. आणि ताण द्यायचा तो सगळ्यात शेवटी. हे सांगून सांगून माझा घसा बसला. पण येतात ते येतात आणि पहिल्यांदा काय करतात, तर वाकून पायाचे अंगठे धरतात आणि हिसके देतात. फ्रिजमधली कणीक काढून लगेच लाटायला घेतली तर पोळी फाटते, एवढं तर घरात प्रत्येकाला कळतं. अंगाचं तसंच आहे. आधी रक्त हातापायांत जाऊ दे, सांधे सैल होऊ देत, काळजाला कळू दे की आता काम आहे. मग काय त्या उड्या मारा.

हे सगळं मला माहीत होतं. लोकांना शिकवून पेन्शन घेतेय मी त्याचं. आणि तरीही मागच्या वर्षी मी काय केलं ते सांगते.

आमच्यात एक नागपूरची मुलगी आहे. मुलगी म्हणजे चौतीसची असेल, मला मुलगीच. हेब्बाळला राहते, तिथल्याच टेक पार्कात नोकरी. शाळेपासून लेझीम खेळलेली, त्यामुळे हात असा स्वच्छ की बघत राहावं. दुसऱ्या जोडीत उजवीकडे तिची जागा. मागच्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी ती हेब्बाळहून निघाली आणि दोन तास कॅबमध्ये अडकली, एसीच्या गारव्यात, पाय दुमडून. आमची मिरवणूक चौकात पोचलेली. चौकात पोलीस आम्हाला दहा मिनिटं खेळू देतात, मोजून दहा, मग गाड्या सोडतात आणि पुढे नुसतं चालत जायचं, पालिकेचा विसर्जनाचा टँकर उभा असतो तिथपर्यंत. म्हणजे लेझीम काय ती त्या दहा मिनिटांत. दुसऱ्या जोडीत भगदाड दिसत होतं. कॅबमधून उतरून ती धावत आली, थांबली आणि माझ्याकडे बघितलं. विचारतच होती ती, येऊ का म्हणून. मला दिसत होतं की हिचं अंग थंड आहे. मला दुसऱ्या जोडीतलं भगदाडही दिसत होतं. मी हात केला. ये, ये, लवकर शिर.

दुसरी की तिसरी उडी असेल. ती उतरली आणि रागाने मागे वळून बघायला लागली, कुणी लाथ मारली म्हणून. मागे कुणी नव्हतं. मग ती खाली बसली. टाचेच्या मागची जाड शीर तुटली होती. ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं, कुबड्या झाल्या, पाच महिने गेले.

जिथे ती पडली तिथून चार हातांवर रस्त्यात खड्डा होता. आमचे सेक्रेटरी जागच्या जागी म्हणाले, खड्ड्यात पाय गेला बिचारीचा. झालं. बेंगळुरूत खड्ड्याचं नाव घेतलं की पुढे कुणी काही विचारत नाही, सगळ्यांना आपापले खड्डे आठवतात. तीसुद्धा तेच म्हणायला लागली. मी काहीच म्हणाले नाही.

महिन्याभराने मी तिच्याकडे शेंगापोळ्या घेऊन गेले. पाय टीपॉयवर, मांडीवर लॅपटॉप. मला वाटलं ऑफिसचं काम करतेय. तर म्हणाली, "काकू, मी रोज तक्रार टाकून राहिली त्या खड्ड्याची. फोटोसकट. सोडत नाही मी आता त्यांना." मी म्हटलं, सरी, चांगलं करतेस. दुसरं काय म्हणणार? जानेवारीत तिचा फोन आला, खड्डा बुजवला म्हणून. इतकी खूश होती की मीही तिचं अभिनंदन केलं. फोन ठेवला आणि मला माझीच किळस आली. यजमानांनी विचारलं काय झालं, तर त्यांच्यावरच खेकसले.

तर या वर्षी मी एकच गोष्ट ठरवली होती. थंड अंगाने एकही माणूस माझ्या रांगेत उभा राहणार नाही. लेझीम वाकडी झाली तरी चालेल, रांग फाटली तरी चालेल, कुणाचा पाय जाता कामा नये. एवढं साधं ठरवलं होतं, आणि एवढंच करायला मला या लोकांनी रडवलं.

पहिल्या रविवारी सात वाजता मैदानावर मी आणि आणखी पाच जण. वॉर्मअप संपत आला तशी एकेक स्कूटर, एकेक रिक्षा यायला लागली. दुसऱ्या रविवारी तेच. कारणं तर ऐकत राहावी. एकजण म्हणाला, लिफ्ट बंद होती, सहा मजले उतरून आलो, ते धरा ना. एकजण म्हणाली, रिक्षावाल्याशी भांडून घाम फुटलाय, काकू. एकाने मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, कुणीतरी पिळदार दंडाचा माणूस त्यात सांगत होता की तीन मिनिटं पुरतात. मी म्हटलं, तो माणूस रोज करतो, तू आठवड्यातून एकदा हलतोस. त्यावर तो विचारात पडला. आणि पुण्याचे ते गृहस्थ, त्यांची आंघोळ दर रविवारी असायचीच.

वाहतुकीचं मी समजू शकते. हेब्बाळ, के. आर. पुरम काही जवळ नाही, रविवार असला तरी. पण मग सगळेच्या सगळे बरोबर सव्वासातला कसे पोचतात? एकही सातला नाही, एकही साडेसातला नाही. हे कोडं मला सुटेना.

ते सुटलं एका मेसेजमुळे. या लोकांनी फोनवर माझ्याशिवायचा एक वेगळा ग्रुप केला होता, आणि त्यातला मेसेज कुणीतरी चुकून मी असलेल्या ग्रुपवर टाकला. "काकूंचं सात म्हणजे आपलं सव्वासात. पहिली पंधरा मिनिटं बफर आहेत." लगेच पुसलाही, पण मी पहाटे पाचपासून जागी असते.

पुढच्या रविवारी मी पुण्याच्या गृहस्थांना बाजूला घेतलं आणि विचारलं, बफर म्हणजे काय हो? त्यांनी अगदी शांतपणे समजावून सांगितलं. ऑफिसात मीटिंग असते तेव्हा पहिली पाच-दहा मिनिटं लोक यायला म्हणून सोडलेली असतात. तेवढ्या वेळात कुणी महत्त्वाचं बोलत नाही, हवापाण्याच्या गप्पा मारतात. आमचं वॉर्मअप त्यांना तसलंच काहीतरी वाटलं होतं. लोक जमेपर्यंत जे आधी आलेत त्यांनी हातपाय हलवत बसावं, म्हणून काकूंनी काढलेली युक्ती. "आम्हाला आवडली ती आयडिया," ते म्हणाले. कौतुक करत होते माझं. माझं डोकं असं फिरलं की मी पाणी प्यायला निघून गेले. खोटं बोलत असते तर चार शब्द सुनावले असते, पण तो माणूस मनापासून बोलत होता, त्याला काय सुनावणार?

मग मी वेळ पावणेसातची केली. सगळे सव्वासातलाच आले. काकूंनी बफर वाढवला, एवढाच अर्थ त्यांनी काढला. आता मात्र मी वैतागले. घरी येऊन यजमानांना म्हटलं, मी हे सोडते, यांना काय करायचं ते करू दे. यजमान म्हणाले, सोड की, स्वल्प विश्रांती घे. ते इतक्या पटकन हो म्हणाले त्याचाच मला राग आला, आणि मी सोडलं नाही.

त्या आठवड्यात मी वेळ पुन्हा सातची केली आणि एक काम केलं. लेझमा आमच्या एका पोत्यात असतात, आणि पोतं मैदानावर तोंड उघडं ठेवून ठेवलेलं असायचं, येणारा आपली आपण उचलून घ्यायचा. रविवारी मी पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं आणि त्याच्यावर बसले. वॉर्मअप करील त्याला लेझीम मिळेल. उशिरा आला असेल त्याने भिंतीकडेला एकट्याने पंधरा मिनिटं करावं, माझ्यासमोर, आणि मग हात पुढे करावा. सव्वासातला अठरा माणसं आली आणि रिकाम्या हातांनी उभी राहिली. हलगीवाला वाजवतोय, पाच जण खेळतायत, आणि बाकीचे भिंतीकडे तोंड करून टाचा वर-खाली करतायत. शाळेच्या वॉचमनला वाटलं शिक्षा केली. त्याने मला कन्नडमध्ये विचारलं, अक्का, एवढ्या मोठ्या माणसांनी काय केलं?

पुढच्या रविवारी बहुतेक जण सातला हजर होते. माझं बोलणं पटलं म्हणून नव्हे, उगाच गैरसमज नको. एकट्याने करायला त्यांना लाज वाटली, इतकंच.

त्याच रविवारी नागपूरची परत आली. सात वाजायला वीस मिनिटं असताना मी मैदानावर पोचले तर ही आधीच पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. हेब्बाळहून पहिली बस धरून आली होती. म्हणाली, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिलीय, पण थंड पायाने एकही उडी नाही, असं दोनदा बजावलंय, कारण तुटून जोडलेली शीर आहे, तिला दुसरी संधी मिळेलच असं नाही. बाकीचे पंधरा मिनिटं करायचे, ती वीस करायची. टाचा वर-खाली करताना तिचा चेहरा बघवत नसे. आधी दोन्ही पायांवर, मग एका. ऑपरेशनची खूण मोज्याच्या वर दिसायची. मी तिच्या जवळ उभी राहायची नाही, दुसऱ्या टोकाला जाऊन कुणाच्या तरी गुडघ्यावर ओरडायची.

गंमत म्हणजे तिच्याकडे बघून बाकीचे निमूट वॉर्मअप करायला लागले. मी महिनाभर ओरडले त्याचा उपयोग शून्य. पण फरक पडला, आणि तो त्यांनाही दिसला. पहिल्या बैठकीला गुडघ्यांचा जो कडकडाट व्हायचा तो थांबला. उड्या हलक्या झाल्या. हलगी चढली की धापा टाकत बाहेर येणारे शेवटपर्यंत टिकायला लागले. डोकंही ताळ्यावर येत असावं, कारण पावलं चुकायची कमी झाली. सोमवारी ऑफिसात जिना उतरताना रेलिंग धरावं लागत नाही, असं एकीने सांगितलं. पुण्याचे गृहस्थ आधी तिसऱ्या फेरीला कंबर धरून बसायचे, ते आता अखेरपर्यंत खेळत होते. हे सगळं आपल्या नव्या बुटांमुळे होतंय, असं ते मला म्हणाले. मी सरी म्हटलं.

विसर्जन रविवारी दुपारचं होतं. मिरवणूक चारला निघणार, म्हणून साडेतीनला सगळ्यांना मंडळाच्या हॉलच्या पार्किंगमध्ये बोलावलं. तेवीस जण वेळेवर. आली नव्हती ती नागपूरची. तिचा फोन आला, हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर आहे, काहीतरी लॉरी बंद पडलीय. मग फोन आला, हलली गाडी. मग आला, पुन्हा थांबली. प्रत्येक फोनला तिचा आवाज जास्त बारीक होत होता. तिचा दोष नव्हता, दीड तास हाताशी ठेवून निघाली होती बिचारी. मी बाकीच्यांचं वॉर्मअप पुरं करून घेतलं. एकानेही कुरकूर केली नाही, आणि त्या दिवशी मला त्याचंही काही वाटलं नाही.

चौकात पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. पोलिसाने मनगटावरचं घड्याळ दाखवलं, दहा मिनिटं. जोड्या लागल्या. दुसऱ्या जोडीत उजवीकडे जागा रिकामी. तेवढ्यात पलीकडे एक कॅब थांबली आणि नऊवारी नेसलेली ती उतरून पळत यायला लागली. मी ओरडले, पळू नको. ती चालत आली आणि तिने हात पुढे केला. तिची लेझीम मी पोत्यात न ठेवता हातातच धरली होती.

"द्या काकू."

"वॉर्मअप?"

"कॅबमध्ये केलं ना. पूर्ण रस्ता घोटे फिरवून राहिली होती मी."

"बसल्या बसल्या केलेलं चालत नाही. तुला माहितीय. पंधरा मिनिटं कर आणि ये."

"पंधरा मिनिटांनी काय उरणार आहे इथे?"

तिचं खरं होतं. सेक्रेटरी मागून आले, म्हणाले, अहो घ्या तिला, पोलीस घड्याळ बघतोय, रांग कशी दिसतेय बघा. ती माझ्याकडे बघत होती. डोळे भरले होते तिचे. "परत आल्यापासून मी एक रविवार चुकवला नाही काकू. एकसुद्धा नाही. ह्यांच्यातला कोणी वीस मिनिटं करत होता काय? आज एक दिवस उशीर झाला तर मलाच अडवून राहिल्या तुम्ही?"

आणि खरं सांगते, माझा हात वर जायला लागला होता. तोच हात, तसाच. मी तो खाली घेतला आणि गळ्यातली शिटी काढून पुण्याच्या गृहस्थांच्या हातात दिली. सुरू करा, म्हटलं. ते गडबडले, पण त्यांनी शिटी वाजवली, हलगी सुरू झाली आणि मी तिला दंडाला धरून फुटपाथवर घेऊन आले.

"मागच्या वर्षी तुला मी हात करून बोलावलं होतं," मी म्हटलं. "आठवतंय?"

"हो, मग?"

"मला दिसत होतं तू थंड आहेस म्हणून. मला रांग भरायची होती. खड्डा होता, पण तुझा पाय त्याच्यापासून चार हात लांब पडला होता. मी बघितलंय. मी कुणाला सांगितलं नाही."

हलगी चढली होती, त्यामुळे मला वाटलं तिला ऐकू गेलं नसेल. पण गेलं होतं. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोण हे ती ओळखायचा प्रयत्न करतेय.

"मी चार महिने तक्रारी करून राहिली," ती म्हणाली. "तुम्ही शेंगापोळ्या घेऊन आल्या होत्या."

"हो."

"तेव्हा पण तुम्हाला माहीत होतं."

"हो."

मला वाटलं आता ही निघून जाईल. गेली नाही. एका बंद दुकानासमोर फुटपाथ मोकळा होता, तिथे ती चालायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग जरा जोरात. मग दुकानाच्या शटरला दोन्ही हात टेकवून तिने टाचा उचलायला सुरुवात केली. मला सवयच, मी मोजायला लागले. एक, दोन, तीन.

"मोजू नका," ती म्हणाली.

मी मोजणं थांबवलं. तिकडे माझी लेझीम चालू होती, मी तयार केलेली, आणि गर्दीच्या डोक्यांमुळे मला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. आवाजावरून कळत होतं की चौथ्या प्रकाराला कुणीतरी घाई केली. मग पोलिसाची शिटी झाली, हलगी थांबली, गाड्यांचे हॉर्न सुरू झाले आणि मिरवणूक टँकरकडे निघाली. ती थांबली नाही. गुडघे केले, अर्ध्या बैठका केल्या, छोट्या उड्या केल्या, शेवटी ताण दिला, डावा पाय आणि मग उजवा. पंधरा मिनिटं पूर्ण झाल्यावर कपाळावरचा घाम पुसून तिने पुन्हा हात पुढे केला. मी लेझीम तिच्या हातात ठेवली. चौकात तोवर एक बस उभी होती. तिने लेझीम एकदा उघडली, मिटली, आणि चालत जाऊन पोत्यात टाकली.

टँकरपाशी तिने गणपतीला हात जोडले, प्रसाद घेतला, सगळ्यांशी बोलली. सेक्रेटरी तिला म्हणाले, वाईट झालं, पुढच्या वर्षी नक्की. ती हसली. मला वाटलं होतं ती आता सगळ्यांना सांगेल. तिने कुणाला सांगितलं नाही, आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

ती मेट्रोकडे निघाली तशी मी तिच्या मागे गेले. काय बोलणार होते कोण जाणे. स्टेशनवर सरकता जिना होता, लिफ्ट होती. ती साध्या जिन्याकडे वळली. नऊवारीचा काठ जरा वर धरून ती चढायला लागली आणि मी खाली रेलिंग धरून उभी राहिले. ती एकदाही वळली नाही. मी तिच्या टाचांकडे बघत होते. डावी, उजवी, डावी, उजवी. दोन्ही नीट पडत होत्या, अगदी वरच्या पायरीपर्यंत.